तुलनेचे सहा ठोकळे

"माझ्या प्रयोगशाळेत माझ्या परवानगीशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा जागचा हलत नाही!"

हे वाक्य डॉ. लुदोमिर झवाद्का वर्षातून चाळीसेक वेळा तरी म्हणत. लग्नात म्हणत, बारशात म्हणत. एकदा तर दाढ काढून घेताना तोंडात कापसाचा बोळा असतानाही म्हणाले होते, आणि दंतवैद्यानं काहीही न कळता मान डोलावली होती!

पण नुसतीच बढाई होती म्हणावं तर तसंही नाही. गेली एकोणतीस वर्षं साहेबांचा धंदाच तो. काँक्रीटमध्ये पाणी कसं शिरतं, शिरलेलं पाणी गोठलं की कसं फुगतं, आणि फुगून काँक्रीटचे तुकडे कसे पाडतं, एवढंच ते बघत आले होते. सुवाउकीत हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अख्ख्या पोलंडमधली थंडी आधी आमच्याकडे मुक्कामाला येते आणि मग उरलीसुरली पुढे जाते. दर मार्चमध्ये प्रत्येकाच्या दारातली एखादी पायरी फुटलेली असतेच.

तर त्या वर्षी गावातल्याच हिएरोनिम नावाच्या एका कारखानदारानं नवीन काँक्रीट तपासायला दिलं होतं. फुटपाथच्या कडेला बसवायचे दगड त्याला या काँक्रीटचे ओतायचे होते. तपासणी अशी : एकाच घाण्यातले बारा ठोकळे घ्यायचे. प्रत्येक दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. त्यातले सहा उणे अठरा अंशांत गोठवायचे, मग पाण्यात वितळवायचे, पुन्हा गोठवायचे. असं दीडशे वेळा! बाकीचे सहा तुलनेचे. ते तळघरातल्या टाकीत, अठरा अंशांच्या पाण्यात अडीच महिने आरामात ठेवायचे. शेवटी बाराही ठोकळे दाबयंत्रात घालून फोडायचे. गोठलेल्यांची ताकद तुलनेच्या ठोकळ्यांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कमी भरली, की काँक्रीट नापास.

नापास झालं असतं तर हिएरोनिमच्या कारखान्यातले चाळीस लोक त्या हिवाळ्यात घरी बसले असते. शिवाय ब्यावीस्तोकहून तीन माणसांची समिती खास ही फोडाफोडी बघायला येणार होती. ही लहानशी प्रयोगशाळा चालू ठेवायची की कुलूप लावायचं, हे तीच ठरवणार होती. शुक्रवारी सकाळी दहाला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला लुदोमिरसाहेब शीळ घालत तळघरात उतरले. तुलनेचे ठोकळे वर आणून वजन करायचं होतं. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं.

आत पाणी होतं. स्वच्छ, निवांत, अठरा अंशांचं पाणी. आणि त्यात काहीही नव्हतं!

साहेबांनी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. बाही वर न करता कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. तळही जागेवर होता. नव्हते ते फक्त ठोकळे.

वरच्या मजल्यावर संगणकाच्या पडद्यावर या टाकीचा आलेख दिसत असे. अडीच महिने रोज सकाळी कॉफी पिताना साहेब तो आलेख बघत आणि खूश होत. काय सरळ रेघ होती! पाणी अठरा अंशांवर आहे, असं आलेख सांगत होता, आणि ते खरंच होतं. पाण्यात काही आहे, असं तो बिचारा कधीच म्हणाला नव्हता.

"गेनोवेफाबाई!"

ही हाक तीन मजले ऐकू गेली. गेनोवेफाबाई म्हणजे प्रयोगशाळेची झाडलोट, किल्ल्या, चहा आणि सगळ्यांच्या चुका काढणं हे सांभाळणाऱ्या बाई. वय एकसष्ट. त्या हात पुसत, अजिबात घाई न करता खाली आल्या.

"काय झालं? पाइप फुटला?"

"ठोकळे कुठायत?"

"कुठले?"

"पाण्यातले! सहा! लाल आकडे घातलेले!"

"हां, ते होय?" बाईंचा चेहरा खुलला. "ते लागले कामाला."

"कामाला लागले म्हणजे?"

"म्हणजे मी विचारलं नव्हतं का तुम्हाला? नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणानंतरच्या सोमवारी. तुम्ही फोनवर होतात. मी म्हटलं, साहेब, खाली टाकीत सहा ठोकळे आहेत, त्यांना काय काम असतं? तुम्ही म्हणालात, त्यांना काहीही काम नाही, नुसतं पडून राहायचं. असा हातसुद्धा उडवलात."

साहेबांना तो सोमवार आठवला. आपला उडालेला हातही आठवला.

"अहो बाई! पडून राहणं हेच त्यांचं काम होतं!"

"मग तसं सांगायचं ना! मला वाटलं, आडवेतिडवे टाकून दिलेत. कोबीचे दिवस, आणि दाबायला चांगला चौकोनी दगड कुठे मिळतो हल्ली? गोल दगड घसरतो एका बाजूला. हे कसे, झाकणीवर ठेवले की हलायचं नाव नाही!"

"कोबी?" साहेबांचा आवाज पार बारीक झाला.

"आंबवायला घातलेला. पिंपात. दोन माझ्या पिंपावर. दोन कुनेगुंदानं नेले, पाद्रीबाबांकडे स्वयंपाक करते ना, ती. एक मेजरसाहेबांना दिला, आणि एक..." बाईंनी हात पुन्हा पुसले. "एक मी तुमच्या ओतिलियाबाईंना दिला. त्यांनीच मागितला. आणि तुम्ही ओरडू नका, सगळे पाण्यातच आहेत! फक्त मिठाच्या."

नुसत्या मिठाच्या पाण्यात असते तर एक वेळ साहेबांनी सोसलं असतं. पण कोबी आंबला की त्या पाण्यात आम्ल तयार होतं. आणि आम्ल सिमेंटला काय करतं, यावर साहेबांनी स्वतः त्रेचाळीस पानांचा निबंध लिहिलेला होता. तीन आठवडे! सहाच्या सहा ठोकळे तीन आठवडे आंबटात!

"चला," ते म्हणाले. "बसा गाडीत."

"आत्ता? माझा चहा ठेवलाय."

"बसा!"

पहिलं घर गेनोवेफाबाईंचंच. तिथे वाद होणार नाही अशी साहेबांची समजूत होती. पण बाईंनी पिंपासमोर उभं राहून पदर खोचावा तसा स्वेटर खाली ओढला.

"घ्या. पण बदली दगड द्या आधी. दाब काढला की कोबी वर येतो. वर आला की हवा लागते. हवा लागली की बुरशी. माझा चाळीस किलो कोबी तुमच्या समितीसाठी सडवू का मी?"

दगड! सुवाउकीच्या आसपास दगडांना काय तोटा? हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फानं आणून टाकलेले दगड शेतांच्या बांधांवर ढिगानं पडलेले असतात. साहेब गाडी घेऊन जवळच्या बांधावर गेले. दगड भरपूर होते. पण आदल्या रात्री उणे नऊ होतं, आणि एकूणएक दगड जमिनीला गोठून चिकटला होता! साहेबांनी ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, शेवटी चिडून लाथ मारली. ओल्या मातीत पाणी गोठलं की तिची पकड किती वाढते, याचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. आता ते अंगठ्यालाही कळले.

गाडीतला जॅक काढून त्याच्या दांड्यानं त्यांनी आठ दगड उखडले. लंगडत परत आले. दगड घासले, उकळत्या पाण्यानं धुतले, आणि मगच बाईंनी दोन ठोकळे हवाली केले. एकाचे कोपरे गोल झाले होते, साबणाच्या वडीसारखे.

"आता आलाच आहात तर वाटीभर खाऊन बघा," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगा. यंदा कोबी काही केल्या आंबतच नाही. तीन आठवडे झाले, चव कशी पिठूळ! मी बियाणाला दोष दिला, मिठाला दिला, चंद्राला दिला."

साहेबांनी एक घास घेतला. आणि इतक्या वैतागातही त्यांच्यातला संशोधक गप्प बसेना.

"आंबणार कसा? सिमेंटमध्ये चुना असतो! कोबीत जेवढं आम्ल तयार होतं तेवढं हे ठोकळे खाऊन टाकतात!"

बाईंनी हळूच चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुमच्या ठोकळ्यांनी माझा कोबी बिघडवला?"

"माझ्या ठोकळ्यांनी? तुमच्या कोबीनं माझे ठोकळे बिघडवले!"

"ठोकळे काय खायचे होते तुम्हाला?"

साहेबांनी दोन्ही ठोकळे फडक्यात गुंडाळले आणि दार गाठलं.

पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात बातमी आधीच पोचली होती, कारण गाडीत बसल्या बसल्या गेनोवेफाबाईंनी फोन केला होता. कुनेगुंदाबाई दारातच हात कमरेवर ठेवून उभ्या.

"या, डॉक्टर! बिशपसाहेब रविवारी जेवायला यायचेत. आणि माझ्या कोबीची चव खडूसारखी! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी रडले हो, डॉक्टर! मला वाटलं, माझा हात गेला!"

"बाई, माझे दोन ठोकळे द्या, मी निघतो. क्रमांक तीन आणि चार."

"आकडे मी काढून टाकले. तारेच्या ब्रशनं खसाखसा घासून. अन्नात रंग गेला तर?"

"तारेच्या ब्रशनं!" साहेब स्टुलावर बसले. त्या ठोकळ्यांचं वजन ते ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजत असत. कापसाचे हातमोजे घालून उचलत!

पाद्रीबाबा आतून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोघांचंही नुकसान झालंय, लेका. चिडू नकोस. वाटीभर कोबी खाऊन जा." नाही कसं म्हणणार? ही दुसरी वाटी.

तिसरी वाटी मेजर तेओदोझींकडे. मेजर निवृत्त होते, पण ही गोष्ट अजून त्यांना कुणी सांगितली नसावी. ठोकळा परत मागताच ते ताठ झाले.

"चढाई चालू असताना माघार? कोबीचा एकविसावा दिवस आहे, डॉक्टर. अठ्ठावीस दिवसांशिवाय दाब उठणार नाही!"

"मेजर, उद्या दहाला समिती येतेय. चाळीस लोकांच्या नोकरीचा प्रश्न आहे. माझ्याही!"

मेजर विरघळले. पण बदली दगड त्यांनी काट्यावर ठेवला. तो तीनशे ग्रॅम जड निघाला, म्हणून नाकारला. दुसरा नाकारला. तिसरा सहाशे ग्रॅम हलका होता, तर त्यावर त्यांनी जाड फ्रेममधला स्वतःचा फोटो ठेवून वजन जुळवलं आणि ठोकळा दिला. नंतर मोठ्या आग्रहानं वाटी पुढे केली. साहेबांनी तीही रिकामी केली.

सर्वांत अवघड घर शेवटी आलं. स्वतःचं!

ओतिलियाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चिखलानं माखलेले बूट, ओली बाही, लंगडता पाय, आणि अंगाला आंबट वास.

"कुठे होतात?"

"ओतिलिया, खाली पिंपावर तू जो ठोकळा ठेवलायस..."

"बरा आहे ना? गेनोवेफानं दिला."

"तो माझा आहे."

"माहितीये. तुमच्याच प्रयोगशाळेतला. म्हणूनच घेतला. म्हटलं, आपला माणूस स्वच्छतेच्या बाबतीत कडक आहे."

साहेबांनी सगळं सांगितलं. समिती, तुलना, आम्ल, चुना. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलंय, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

"म्हणजे," ओतिलियाबाई सावकाश म्हणाल्या, "दोन आठवडे रोज जेवताना तुम्ही मला ऐकवताय. कोबीला चव नाही. तुझं मीठ चुकलं. माझ्या आईचा कोबी कसा झणझणीत असायचा! आणि चुना तुमचा होता?"

"तसं बघितलं तर... हो."

"घेऊन जा तो. आणि आज रात्री जेवायला काय आहे विचारू नका. कोबीच आहे!"

संध्याकाळी सहाला सहाही ठोकळे टाकीत परत गेले. साहेबांनी ते धुतले, पुसले, दोन पुसलेले आकडे पुन्हा घातले, आणि झाकण लावलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. तीन आठवडे म्हणजे काही तीन वर्षं नाहीत. वरवरचा थर गेला असेल. आत काँक्रीट ठणठणीत असणार. नाहीतरी तुलनेचेच ठोकळे! सांगायलाच हवं असं थोडंच आहे? एकोणतीस वर्षं ज्या माणसानं ग्रॅमच्या दशांशावरून सहकाऱ्यांना झापलं, तो माणूस जिन्यावर उभा राहून स्वतःला हे सांगत होता. ऐकायला त्यालाही फारसं बरं वाटत नव्हतं.

शुक्रवारी बरोबर दहाला समिती आली. अध्यक्ष प्राध्यापिका कोर्दुला. उंच, किडकिडीत, आणि हसण्याचा सराव अजिबात नाही. बरोबर दोन गृहस्थ. हिएरोनिमही नवा कोट घालून हजर होता.

आधी दीडशे वेळा गोठलेले सहा ठोकळे फोडले. यंत्र कण्हत होतं, ठोकळा फाटकन फुटत होता, आकडा पडद्यावर येत होता. सरासरी छान आली. हिएरोनिमनं कपाळ पुसलं.

मग तुलनेचे. पहिला ठोकळा दाबाखाली गेला, आतल्या भेगा उघडल्या, आणि खोलीभर एक वास पसरला. ओळखीचा. घरगुती.

"कसला वास येतोय?" कोर्दुलाबाईंनी विचारलं.

"खाली... उपाहारगृह आहे," साहेब म्हणाले.

उपाहारगृह नव्हतं.

सहाही फुटले. दोघांपैकी एका गृहस्थानं आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि चष्मा काढला. "हे विलक्षण आहे! तुलनेचे ठोकळे कमी ताकदीचे निघाले! म्हणजे गोठवलेल्या काँक्रीटची ताकद तेरा टक्क्यांनी वाढलीय!"

"वाढलीय?" हिएरोनिम ओरडला. "थंडीत ताकद वाढते? माझ्या काँक्रीटची? थंडीत मुरणारं काँक्रीट! आजच पत्रकं छापायला टाकतो!" आणि त्यानं साहेबांना मिठी मारली.

"परिषदेत मांडायला हवं," दुसरे गृहस्थ म्हणाले. "लिस्बनला! डॉक्टर, तुमचं नाव पहिलं."

बस्स, एवढंच करायचं होतं : गप्प बसायचं! प्रयोगशाळा वाचली असती, चाळीस लोकांना काम मिळालं असतं, वर लिस्बन. दारात गेनोवेफाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आता आपलं नाव निघणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग फुटलेल्या ठोकळ्यांकडे. एकोणतीस वर्षांत एकाही ठोकळ्याबद्दल ते खोटं बोलले नव्हते. उपाहारगृह हे पहिलंच खोटं.

"हा निकाल चुकीचा आहे," ते म्हणाले. "थंडीनं काही वाढवलेलं नाही. तुलनेचे ठोकळे तीन आठवडे आंबवलेल्या कोबीत होते."

आकडेमोड करणाऱ्या गृहस्थानं चष्मा पुन्हा चढवला.

"कोबीत," कोर्दुलाबाई म्हणाल्या.

"चार घरच्या. त्यातलं एक माझं. या बाईंनी मला विचारलं होतं, ठोकळ्यांना काही काम आहे का. मी नाही म्हणालो. चूक माझी. मी अडीच महिने आलेख बघत होतो, टाकी एकदाही उघडून बघितली नाही. आणि खाली उपाहारगृह नाहीये."

हिएरोनिम खुर्चीत बसला. "मग माझं काँक्रीट? पास की नापास?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले. "नव्यानं बारा ठोकळे ओतायचे. पुन्हा दीडशे वेळा. फेब्रुवारीत कळेल."

"फेब्रुवारीत! देवा रे! आणि लिस्बन?"

"लिस्बन माझं होतं," दुसरे गृहस्थ खिन्नपणे म्हणाले.

कोर्दुलाबाईंनी वही मिटली. मग गेनोवेफाबाईंच्या ट्रेवरचा एक कप उचलून त्या म्हणाल्या, "झवाद्का, वैतागून मला काय बोलावं सुचत नाहीये. पण जिथला माणूस स्वतःहून हे सांगतो, त्या जागेला मी कुलूप लावणार नाही. फेब्रुवारीत मी येते. टाकी मी स्वतः उघडून बघणार."

फेब्रुवारीत त्या आल्या, टाकी उघडली, सहा ठोकळे मोजले. गोठलेल्या ठोकळ्यांची ताकद नऊ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे पास! सरळ, साधं, अजिबात विलक्षण नसलेलं पास. हिएरोनिमचे लोक मार्चपासून कामाला लागले. हिवाळाभर मात्र तो साहेबांना रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जात असे.

साहेबांनी अहवाल लिहिला. पहिल्या फसलेल्या तपासणीचीही नोंद नियमाप्रमाणे करावीच लागते, म्हणून त्यांनी दात आवळून एक ओळ घातली : 'तुलनेचे नमुने एकवीस दिवस कोबीमध्ये साठवण्यात आले.' अहवाल मुख्य कचेरीत गेला. साहेबांना वाटलं, संपलं एकदाचं.

तीन आठवड्यांनी अहवाल परत आला. त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात सुबक अक्षरात विचारलं होतं : 'माहिती अपुरी. कोबी चिरलेला की अख्खा, ते प्रत्येक नमुन्यासमोर नमूद करून अहवाल सात दिवसांत पुन्हा सादर करावा.'

साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. खिडकीबाहेर बघितलं. मग उठले, जिना उतरले आणि चहा करायच्या खोलीच्या दारात येऊन घसा खाकरला.

"गेनोवेफाबाई... जरा वेळ आहे का?"

बाईंनी कागद वाचला. चष्मा कपाळावर सरकवला.

"माझा चिरलेला. कुनेगुंदाचा चिरलेला. मेजरसाहेबांचा अख्खा. आणि सहावा राहिला तो ओतिलियाबाईंचा. ते मला काय माहीत? तुम्हीच विचारा त्यांना." बाईंनी कागद परत दिला. "पण आज नको. आज त्यांचा मूड बरा आहे."